बटणं उजवीकडे

शिंपीबाबांचा एक नियम होता. माप पोराचं घ्यायचं, पण कसं शिवायचं ते आईला विचारायचं. "आठ वर्षांच्या जिवाला काय कळतंय?" हे वाक्य ते तोंडात टाचण्या धरूनही अगदी स्पष्ट म्हणत.

त्यामुळे त्यांची नात भिंगरी मापाला उभी राहून म्हणाली, "आजोबा, मी मुलगा आहे. वर्गाच्या फोटोसाठी मुलाचा शर्ट शिवा," तेव्हा त्यांनी सवयीने लेकीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय, बाबा?" लेक म्हणाली. "दोन वर्षं हेच सांगतंय. आधी मी हसले, मग रडले. आता ऐकते."

"अगं, गेल्या महिन्यात तिला अंतराळवीर व्हायचं होतं!"

"ते अजूनही व्हायचंय," भिंगरीने मधेच सांगितलं.

शिंपीबाबा वाद घालणाऱ्यांतले नव्हते. गुपचूप आपलंच खरं करणाऱ्यांतले होते. मुलांच्या शर्टाची बटणं उजवीकडे, मुलींच्या डावीकडे, बाकी शर्ट सारखाच. "बरं बरं," म्हणून त्यांनी मान डोलावली आणि बटणं लावली डावीकडे. पोराला कुठलं कळायला! मन खात होतं म्हणून खिसे मात्र दोन दिले. घाईत आतली शिवण वेडीवाकडी गेली, दोरे लोंबत राहिले. आत कोण डोकावतंय?

एक गोष्ट ते साफ विसरले. शाळा सुटल्यावर भिंगरी रोज त्यांच्याच दुकानात बसून बटणं निवडायची.

फोटोच्या दिवशी दुपारी वर्गाच्या बाई दुकानात आल्या आणि हसू दाबत त्यांनी मोबाइल पुढे धरला. पुढच्या रांगेत भिंगरी, ताठ मानेने, शर्ट उलटा घालून. वाकडी शिवण, लोंबते दोरे, सगळं जगजाहीर.

"सरळ घाल म्हटलं, तर म्हणे, हाच सरळ आहे, आता बटणं उजवीकडे आली," बाई म्हणाल्या. "मानेमागे तुमच्या दुकानाची चिठ्ठीही होती. सगळ्या शाळेने वाचली."

चाळीस वर्षांची अब्रू एका फोटोत गेली. संध्याकाळी लेकीबरोबर भिंगरी आली, तेव्हा ते फुरंगटून बसले होते.

"माझ्यावर राग काढलास होय?"

"राग नाही, वाईट वाटलं. तुम्ही बरं म्हणाला होतात."

हे मात्र त्यांना लागलं. फोटो पाहून वाटली त्याहून जास्त लाज आता वाटली.

"आजोबा, आपण मुलगा आहोत हे तुम्हाला कितव्या वर्षी कळलं?"

शिंपीबाबांनी खूप आठवून पाहिलं. वर्ष काही सापडेना. "त्यात कळायचंय काय? ठाऊकच होतं," ते पुटपुटले, आणि आपलंच बोलणं ऐकून चपापले.

तरी त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "उद्या मन बदललं तर?"

"तर उसवा. गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगता ना, आधी कच्चे टाके घालू, अंगावर घालून बघू, मग पक्की शिवण?"

शिंपीबाबांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. पांढरं कापड पसरलं. लेक समोरच उभी होती, पण चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मापाला उभ्या असलेल्या पोरालाच विचारलं, "बोल, कसा शिवू?"

"बटणं उजवीकडे. आणि आतली शिवणही नीट घाला," भिंगरीने बजावलं. "तुमचा अजून भरवसा नाही."