नळी मला बसते

मंगळवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. गॅरेजचं शटर खालपर्यंत ओढलेलं. आत एक जुनी लाल स्पोर्ट्स कार, एक मिस्त्री आणि मी. मी त्या गाडीचा काढून टाकलेला सायलेन्सर, भिंतीवर दोन खिळ्यांना टांगलेला. पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांगतो.

पन्नासेक वर्षांपूर्वी गाडीबरोबरच जन्मलो. वळणावर चेपू नये म्हणून नळीत वाळू भरून एका कारागिराने मला वाकवलं आणि पोटावर नंबर ठोकला. पहिला मालक वैमानिक होता. गल्लीच्या तोंडाशी माझा आवाज आला की त्याची बायको पानं घ्यायला लागायची. तो गेला आणि गाडीवर ताडपत्री पडली. अकरा वर्षं. त्या काळात एक उंदरीण माझ्या पोटात तीनदा बाळंत झाली.

मग आम्हाला दातांच्या डॉक्टरांनी घेतलं. त्यांना मूळ पत्र्याचं वेड. नव्याने बनवलेला पत्रा त्यांना चालत नसे. चार वर्षं भंगारवाडे पालथे घालून त्यांनी बॉनेट, दोन्ही दारं आणि डावं मडगार्ड मिळवलं. प्रत्येक पत्र्याला मिस्त्री बोटाच्या पेराने टिचकी मारायचे, कान लावायचे. एकदा म्हणाले, "साहेब, ही कवळी आहे. परत करा." डॉक्टरसुद्धा हसले.

माझी पाळी आली तेव्हा मात्र कोणी टिचकी मारली नाही.

"हा खोकतो," डॉक्टर म्हणाले. "बाहेरचा बसवा, रुंद, दोन तोंडांचा. गल्लीला कळलं पाहिजे कोण आलंय."

"पत्रा मूळचा आणि आवाज उसना, साहेब?"

"पत्रा लोक बघतात, मिस्त्री. याला वाकून कोण बघतंय?"

मला भंगारात घालायचं ठरलं होतं. मिस्त्रींनी खिळे ठोकले. म्हणाले, "राहू दे म्हाताऱ्याला. साहेबांचं मन उद्या फिरेल."

आता नळीचं सांगतो. गॅरेजच्या छतावरून एक रबरी नळी लोंबते. तिचं एक टोक सायलेन्सरवर चढवायचं, दुसरं भिंतीतून बाहेर गेलेलं आहे. धूर बाहेर जातो, माणूस आत जगतो. माझ्या तोंडावर ती टोपीसारखी बसायची. नव्याच्या जोड तोंडांवर ती चढेना. मिस्त्रींनी गॅरेजमालकाकडे मोठी नळी मागितली. माझ्यासमोर दोनदा.

"आणू की," मालक म्हणाला. "तोवर शटर उघडं ठेवून काम करा."

मंगळवारी सकाळी मूळ दारांना शेवटचा रंग लागला. ती स्टँडवर वाळत होती. "धुळीचा एक कण बसला तर डॉक्टर माझं डोकं खातील," असं म्हणत मालकाने स्वतः शटर ओढलं आणि तो बाहेर गेला. पेंटरही गेला. मिस्त्री नव्या सायलेन्सरचे नट आवळत थांबले.

तीन दहाला डॉक्टरांचा फोन आला. "मित्र बसलेत दवाखान्यात. आवाज ऐकवा की जरा."

"साहेब, शटर बंद आहे. उघडू का?"

"अहो, रंग ओला आहे ना? दोन मिनिटांचं तर काम."

मिस्त्रींनी फोन स्पीकरवर टाकून मागच्या स्टुलावर, त्या जोड तोंडांशेजारी ठेवला. मग आत बसून गाडी सुरू केली. तिकडे टाळ्या वाजल्या. "अजून रेस द्या, मिस्त्री! पुन्हा! एक मित्र आत्ताच आलाय, त्यालाही ऐकू द्या!" दोनाची दहा मिनिटं झाली. मिस्त्री एकदा म्हणाले, "साहेब, डोकं जड झालंय." तिकडे हशा चालू होता. मग रेस उतरली. गाडी नुसती गुरगुरत राहिली.

पेंटर परतला आणि त्याने शटर वर केलं तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. "काका!" तो ओरडला. मिस्त्रींचं कपाळ स्टीअरिंगवर टेकलेलं होतं. दोन्ही दारं सुंदर वाळली होती.

चौकशीला अधिकारी आले. त्यांनी कागदावर लिहिलं: धूर बाहेर नेणारी नळी जागेवर उपलब्ध होती. एकही शब्द खोटा नाही. खोटी ती ओळ आहे.

तेराव्या दिवशी मिस्त्रींची मुलगी आली, बापाचा चष्मा न्यायला. तिने नळी ओढली आणि नव्या सायलेन्सरवर चढवून पाहिली. चढेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी चढेना. मग माझ्याकडे बघितलं, स्टूल घेतलं आणि नळी माझ्या तोंडावर लावली. एका दमात बसली.

"मालक," ती म्हणाली, "बाबांनी मोठी नळी मागितली होती ना?"

मालक पाना पुसत राहिला.

गाडी पुढे प्रदर्शनात गेली. सर्वात मूळ अवस्थेतल्या गाडीचं बक्षीस तिला मिळालं. मी अजून खिळ्यांवरच आहे. मला खाली काढू नका, विकू नका. त्या नळीचं माप माझ्याकडे आहे.

आणि आणखी एक गोष्ट. डॉक्टरांनी जबाब दिला, बोलणं दोनच मिनिटं झालं, मग फोन ठेवला. मुलीकडे बापाचा फोन आहे. त्यात कॉल सव्वीस मिनिटांचा आहे. तीन छत्तीसला हसण्याचे आवाज थांबले होते. डॉक्टरांनी दोनदा हाक मारली, "मिस्त्री? अहो मिस्त्री?" उत्तर आलं नाही. मग फोन तिकडूनच बंद झाला.

तिथून शटर उघडेपर्यंत चव्वेचाळीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात डॉक्टरांनी ना मालकाला फोन केला, ना पेंटरला, ना दुसऱ्या कुणाला.