मुठीच्या तांदळाचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, माझ्या अंगावरचा गंज पाहून नाक मुरडू नका. १९५६ साली महाडच्या बाजारात कुशाबा नावाच्या पत्रेकाराने रॉकेलचा डबा कापून मला घडवले. वास जावा म्हणून आनंदीबाईंनी मला चिंचेने चारदा घासले आणि पोलादपूरच्या आपल्या घरात चुलीजवळच्या फळीवर बसवले.

आनंदीबाई म्हणजे शाळेतल्या शरच्चंद्र मास्तरांच्या पत्नी. घर ख्रिस्ती. भात रांधण्याआधी एक मूठ तांदूळ देवाच्या नावाने माझ्यात पडे. महिनाअखेरीस मास्तर ते आंबेनळी घाटाच्या वाटेवर एकट्या राहणाऱ्या ठमाबाईला पोचवत. तीही ख्रिस्ती, फार म्हातारी. देवाची मूठ सांभाळतो म्हणून मी भारी ऐटीत असे.

मग आनंदीबाईंची तीन महिन्यांची मुलगी तापाने गेली.

त्यानंतर एका दुपारी त्यांनी माझे झाकण उघडले आणि कच्चे तांदूळच तोंडात टाकले. दुसऱ्या दिवशी दोन मुठी. कच्चे तांदूळ खाल्ले की लग्नात पाऊस पडतो, असे पोरी म्हणतात. आनंदीबाईंचे लग्न कधीच झाले होते. पाऊस त्यांच्या डोळ्यांतून पडे. जेवण सुटले, चेहरा पांढराफटक पडला. "प्रभू, आज तरी नको," असे गुडघे टेकून म्हणत आणि उठून माझ्याकडेच येत. मी झाकण घट्ट धरून बसायचो, पण पत्र्याची ताकद ती किती!

एकदा मास्तर आजारी पडले, म्हणून त्या स्वतः मला घेऊन गेल्या. मी अर्धाही भरलेला नव्हतो. ठमाबाईने मला हातावर तोलले.

"गो बाय, तुझ्या घरात ओढाताण हाय ना? वरीस झालं, तांदूळ कमी येतो. मी एक येळ पेज पिते नि तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते."

आनंदीबाई तिच्या पायाशी बसल्या. "ठमाबाई, घरात काही कमी नाही हो. तुमचे तांदूळ मी खाल्ले. पोर गेल्यापासून मला राहवत नाही."

म्हातारी रागावेल असे मला वाटले. तिने त्यांचे डोके मांडीवर घेतले.

"मी तीन पोरं पुरलीत गो. तांदूळ खावासा वाटला का इकडं ये. प्रार्थना करू नि दोघी पेज पिऊ."

आनंदीबाई जाऊ लागल्या. कधी जिंकत, कधी हरत. पण हरल्या तर तिला सांगत, लपवत नसत. हळूहळू माझे झाकण फक्त भाताच्या वेळी उघडू लागले. पुढच्या भाद्रपदात, पोर गेल्यापासून पहिल्यांदा, मी काठोकाठ भरलो.

चार दिवस वाटेतल्या ओढ्याला पूर होता. पाचव्या दिवशी मला कडेवर घेऊन आनंदीबाई जवळजवळ धावतच निघाल्या. ठमाबाईच्या दारात शेजारचा सहदेव उभा होता.

"म्हातारी काल गेली, सकाळी मातीबी दिली," तो म्हणाला. "शेवटपर्यंत इचारत होती, मास्तरीणबाय जेवली काय?"

आनंदीबाईंनी तिचीच थंड चूल पेटवली, माझ्यातल्या दोन मुठी शिजवल्या आणि रडत रडत पोटभर जेवल्या. कच्चा दाणा त्यांनी पुन्हा कधी तोंडात टाकला नाही. उरलेले तांदूळ जिच्यासाठी साठवले, ती मात्र आता नव्हती. मित्रांनो, भरलेपणाचे इतके दुःख मला कधी झाले नव्हते.

आता माझ्यात खिळे ठेवतात. मला टाकून दिलेत तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी लपून खात असेल, तर हसू नका, डब्याला कुलूपही लावू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "जेवलास का?"