अक्तोश आणि रायखानबाईंची स्लीपिंग बॅग

मी नमदे, म्हणजे लोकर तुडवून केलेले जाड गालिचे, बनवणारी बाई. लोकरीचं काय करायचं ते मला कुणी शिकवू नये, असा माझा तोरा. त्या दिवशी तो पुरता उतरला.

अल्माटीच्या रायखानबाई आमच्या युर्ताशेजारी, म्हणजे नमद्याच्या गोल घराशेजारी, तंबू ठोकून राहिल्या होत्या. सकाळी त्या डोंगरावरच्या सोंकुल तळ्याकाठी फिरायला गेल्या आणि तंबूच्या दोऱ्या आवळायला गेलेला माझा नवरा तुर्गुनबेक नाक दाबतच परतला.

"तुझ्या लाडक्याने बाईंच्या स्लीपिंग बॅगवर मुतून ठेवलंय. म्हातारा झाला, आता त्याला धरवत नाही. रविवारी ट्रक आला की खाली गावात धाडतो त्याला."

लाडका म्हणजे अक्तोश, आमचा कुत्रा. दोन वर्षांपूर्वी हिमवादळात मी वाट चुकून पडले, तेव्हा हा उजाडेपर्यंत माझ्या छातीवर पडून राहिला, म्हणून मी आज आहे. गावात त्याला कोण विचारणार?

"बाई यायच्या आत डाग आणि वास दोन्ही घालवते. मग तर ठेवशील?"

"घालवून दाखव, मग बघू."

नमद्याला करतात तेच मी केलं. उकळतं पाणी ओतलं, साबण चोळला, चटईत गुंडाळून पायाने मनसोक्त तुडवली. उलगडली तर आतल्या पिसांचे गोळे झालेले आणि वास आधीपेक्षा दुप्पट. मला रडूच कोसळलं.

शेजारच्या युर्तातल्या उमसून आजी काठी टेकत आल्या. "बुरुल, पिसांचा नमदा करायला निघालीस होय गं? शहाणीच आहेस. गरम पाण्याने वास आत मुरतो. ऊठ, डोळे पूस."

त्यांनी स्वतःच्या घरातली आंबट दह्याची निवळी आणली. थंड पाण्यात मिसळून डागावर ओतली, मुरू दिली, मग तळ्याच्या पाण्यात खळबळली. पिळू दिली नाही. वाऱ्यावर टाकून, लोकर पिंजायच्या बारीक काठ्यांनी दोघी दुपारभर हलके हलके बडवत बसलो. पिसं एकेक सुटत गेली. आजींचे हात सुजले, तरी त्या उठल्या नाहीत. मी ते हात डोळ्यांना लावले.

"पुरे गं," त्या म्हणाल्या, "तिकडची बाजू ओली आहे अजून."

संध्याकाळी रायखानबाई आल्या. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी बॅग हुंगली.

"अगं, चूक माझी आहे. थंडी वाजत होती म्हणून मीच त्याला आत घेतलं आणि तंबूची चेन लावली. पहाटे तो दार ओरबाडत होता. मी म्हटलं, थांब जरा, आणि मला झोप लागली. सकाळी निघायच्या घाईत बॅगच्या पायथ्याकडे बघितलंसुद्धा नाही. किती वेळ धरून बसला असेल बिचारा."

आमच्यात कुत्र्याला युर्तात घेत नाहीत. तुर्गुनबेक उठला, आपल्या खोगिराखालचा नमदा आणला आणि उंबऱ्याच्या आत अंथरला.

"ये," तो अक्तोशला म्हणाला. "इथे झोप. या दाराला चेन नाही."