पिपलानीतला रिकामा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. सागवानी लाकडाचा, पितळी कड्यांचा आणि सध्या अगदी बेकार. भोपाळच्या पिपलानीत, सरकारी कारखान्याच्या वसाहतीत, एका क्वार्टरच्या बैठकीत मी छताला टांगलेला असतो. येणारेजाणारे माझ्यावर गुडघे आपटतात आणि वर मलाच बोलतात.

मला काशिनाथरावांनी घडवले. ते नागपूरहून आले होते आणि कारखान्यात लाकडी साचे बनवत. पहिले मूल होणार म्हटल्यावर त्यांनी इटारसीहून लाकूड आणले आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात रंधा मारत बसले.

"एवढा मोठा कशाला? हत्तीचं पिल्लू येणार आहे का?" त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई हसल्या.

"आपल्या एकट्याचा नाही, क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीचा आहे हा," ते म्हणाले.

आणि झालेही तसेच. त्या काळी सगळी वसाहतच तरुण होती. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे नोकरीला आलेली, कुणाची आई जवळ नाही की सासू, आणि घरोघरी तान्ही बाळे. आधी माझ्यात त्यांचा उदय निजला. तो रांगायला लागला तसा मी केरळच्या नर्सबाईंकडे गेलो, तिथून बंगाली फोरमनकडे, मग लुधियानाच्या सरदारजींकडे, मग जहांगीराबादहून राहायला आलेल्या वेल्डरमियांकडे. रडणे सगळ्यांचे एकच होते, अंगाई तेवढी वेगळी. सरदारजींचा लेक तर अशा लाथा झाडी की माझी कडी ढिली झाली, ती आजही कुरकुरते.

रत्नप्रभाबाईंचे नियम दोनच. पाळणा रिकामा परत करायचा नाही आणि रिकामा पाळणा हलवायचा नाही. पहिल्या नियमामुळे मी कधी केळ्याचे वेफर्स घेऊन घरी आलो, कधी संदेश मिठाई, कधी पिन्नीचे लाडू, कधी शेवयांचा डबा. दुसरा नियम मोडणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसे.

पुढे काय बिघडले ते मला छताखालून नीटसे कळले नाही. माझ्यात निजलेली बाळे शिकली आणि बंगळुरूला, पुण्याला, अमेरिकेला गेली. कारखान्यात नवी भरती आटली. नर्सबाई गावी परतल्या, फोरमन अरेरा कॉलोनीत मुलीजवळ राहायला गेले. क्वार्टरांना कुलुपे लागली, भिंतींतून पिंपळ उगवले. काशिनाथरावही गेले. शहरात बाळांची वानवा नव्हती हो! भोपाळ चहूकडे नुसते फुगत होते. वानवा होती ती आमच्या वसाहतीच्या भिंतीआड. तिथे उरले होते म्हातारे आणि त्यांच्या औषधांच्या पिशव्या.

भिंतीपलीकडून, अशोका गार्डन वस्तीतून, वंदना धुण्याभांड्यांना येई. तिचा नवरा याच कारखान्यात ठेक्यावर होता, पण ठेक्यावरच्या माणसाला क्वार्टर कुठले? एका खोलीत त्यांचा संसार. तिला मुलगी झाली, आणि कामावर परतल्यावर ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आंटी, ये झूला कुछ दिन के लिए दे दो ना. साड़ी का बाँधा है, गाँठ खिसक जाती है."

रत्नप्रभाबाईंना उदयच्या घरची गोड बातमी नुकतीच कळली होती.

"नहीं गं वंदना. ये अब उदय के बच्चे के लिए रखा है. बारसा यहीं होगा."

"ठीक है आंटी," म्हणून ती भांडी घासू लागली. मला ओरडून सांगावेसे वाटले, बाई, मी लाइनीचा ना? पण लाकडाला कुठले तोंड!

मग मला पॉलिश झाले, नव्या दोऱ्या आल्या, दुपटी शिवून झाली. महिने गेले. पुण्याला उदयला मुलगा झाला आणि त्याचा फोन आला.

"आई, एवढ्याशा बाळाला घेऊन कसं येणार? इथे हॉल घेतलाय. तूच ये ना."

रत्नप्रभाबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. त्या नुसते "बरं" म्हणाल्या.

बारशाच्या दिवशी त्यांनी मला झेंडूची माळ बांधली. वरवंटा दुपट्यात गुंडाळून माझ्यात ठेवला, त्याला टेकवून व्हिडिओ कॉल लावलेला मोबाइल ठेवला आणि हलक्या हाताने दोरी ओढली.

"आई, फोन हातात धर ना. नुसतं छत दिसतंय," उदय म्हणाला.

"दिसू दे. तूही हेच बघत मोठा झालास."

तिकडे कुणीतरी जेवायला हाक मारली. फोन काळा झाला. त्या मात्र दोरी ओढतच राहिल्या. पोटात वरवंटा असूनही इतका रिकामा मी कधीच झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी वंदना लेकीला कडेवर घेऊन आली.

"ले जा ये झूला," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

वंदना ओशाळून हसली. "अब तो पकड़कर खड़ी हो जाती है, आंटी. इसमें से गिर पड़ेगी."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर येणाऱ्यासाठी त्याला अडवून ठेवू नका. जो आला आहे, त्याला द्या. मला हे तेव्हा सांगता आले नाही.

वंदनाने मुलीला खाली ठेवले. पोरीने माझी कड धरली, उभी राहिली आणि मला गदागदा हलवू लागली. मी रिकामा होतो. आता धपाटा बसणार, म्हणून मी वाट पाहिली. रत्नप्रभाबाईंचा हात उचलला गेला आणि पोरीच्या डोक्यावर विसावला.

"हलव," त्या म्हणाल्या, "हलव, बाळा."

माझी कडी कुरकुरत राहिली. भांडी झाल्यावर वंदना मुलीला घेऊन गेली. मी थोडा वेळ हललो, मग थांबलो.