दाराकडे पाठ

वेतवाल्याची धाकटी लेक नवऱ्यामागे दूरच्या शहरी राहायला गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. बायको त्याआधीच गेलेली. घरात उरला तो, भिजत घातलेल्या वेताचं घमेलं आणि गिऱ्हाइकांच्या बूड फाटलेल्या खुर्च्या. दिवसभर तो खुर्च्या विणायचा आणि स्वतः मात्र जमिनीवर बसायचा.

भिंतीपलीकडे रफूवाली राहायची. फाटक्या कोटाला ती असा टाका घालायची की मालकालाही भोक सापडू नये. तिचा देव वेगळा, बोली वेगळी. ती कुठून आली हे कुणी विचारलं नव्हतं. वेतवाल्याला तिचं एवढंच ठाऊक होतं की ती पहाटे खोकते. ती खोकली की तो म्हणायचा, चला, उजाडलं; आणि उठून चहा टाकायचा. इतक्या वर्षांत त्यानं तिच्या दारावर एकदाही थाप मारली नव्हती. एकटी बाईमाणूस, आणि लोकांच्या जिभेला हाड नसतं.

एका सकाळी तिच्या दारावर डांबरानं लिहिलेलं दिसलं, ‘तुमची माणसं इथं नकोत.’ बाजारातल्या दोन दुकानांवरही तेच होतं. एका दुकानाची काच फोडलेली होती.

ती गल्ली म्हणजे बारा गावचं पाणी एकत्र आलेलं. बसवरचा ड्रायव्हर म्हणायचा, “देव ज्याचा त्याचा, पण शिव्या मात्र आपल्याला सगळ्यांच्या येतात.” त्या संध्याकाळी तो काही हसला नाही. गल्लीतल्या नर्सबाईंच्या घरी सगळे जमले तेव्हा म्हणाला, “आज तिचं दार. उद्या माझंच.”

“म्हणून तर बोलावलंय,” नर्सबाई म्हणाल्या. “पाळ्या लावू. दिवस उजाडल्यापासून तिच्या दारासमोर आपली चार माणसं बसलेली दिसली पाहिजेत. आणि पोलीस बघून जाईपर्यंत ते डांबर कुणी पुसू नका. बसायला खुर्च्या हव्यात.”

सगळ्यांनी वेतवाल्याकडे पाहिलं.

“खुर्च्या देतो,” तो म्हणाला. “बुडाची हमी देत नाही.”

लोक हसले. मग घसा खाकरून त्यानं आणखी एक सांगितलं, “बाईला त्रास नको. दार वाजवू नका, आत डोकावू नका. आधीच भेदरलेली आहे बिचारी.”

“काका बोलले ते खरं,” नर्सबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या मांडल्या. तोंडं रस्त्याकडे, पाठी तिच्या दाराकडे. राखण करायची म्हणजे रस्त्यावरच डोळा हवा. पलीकडच्या गल्लीतलीही माणसं यायला लागली. ज्यांनी एकमेकांना कधी रामराम घातला नव्हता ती मांडीला मांडी लावून बसली. “काका, ही खुर्ची मला गिळतेय हो!” ड्रायव्हर अर्ध्या विणलेल्या खुर्चीत रुतून ओरडायचा. वेतवाला म्हणायचा, “गिळू दे, तेवढाच गल्लीचा आवाज कमी होईल.” लेक गेल्यापासून तो इतकं बोलला नव्हता. घरी परतला की मात्र भिंती अंगावर यायच्या.

त्यात एक गोष्ट त्याला खटकत होती. पहाटेचा खोकला ऐकू येईना. त्यानं स्वतःची समजूत घातली, राखण आहे म्हणून गाढ झोपत असेल.

एका दुपारी दार उघडलं. रफूवाली उंबऱ्याच्या आतच उभी होती. हातात गाठोडं. चेहरा चिपाडासारखा वाळलेला.

“मी जाते,” ती म्हणाली. “रस्ता द्या. कोट सगळ्यांचे आत आहेत, ज्याचे त्याचे घ्या. मला हात लावू नका.”

ड्रायव्हर धडपडत उठला. “ताई, अहो कुठं निघालात? आम्ही तुमच्यासाठीच बसलोय ना!”

“माहीत आहे. आधीच्या गावीही असेच बसले होते. पहिल्यांदा दारावर लिहिलं, मग समोर बसले. पाण्यालाही बाहेर पडू दिलं नाही.”

ड्रायव्हरनं हळूच विचारलं, “काका, तुम्ही सांगितलं नव्हतं यांना?”

“मला वाटलं, नर्सबाईंनी...”

नर्सबाई धावत आल्या. ऐकून वेतवाल्याकडे वळल्या. “मला वाटलं, तुमची भिंतीला भिंत, तुम्हीच सांगितलं असणार!”

मग सगळे एकदमच सांगायला लागले. नर्सबाईंनी त्यांना गप्प केलं, रफूवालीचा हात धरला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले. इतके दिवस तिला नुसत्या पाठी दिसल्या होत्या.

“पटलं मला,” ती म्हणाली. “तुम्ही वाईट नाही. पण मी बहिणीकडे जाते.”

“चुकलं आमचं, ताई. राहा ना,” ड्रायव्हर म्हणाला.

वेतवाल्यालाही तेच म्हणायचं होतं. पण तोंडून निघालं भलतंच. “तुम्ही पहाटे खोकता ना... ते बरं वाटतं.”

ती हसली. तिला हसताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“तोंडात पदर कोंबून खोकत होते, काका. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.” मग म्हणाली, “खोकला काय, कुठंही येईल. झोप मात्र इथं यायची नाही आता.”

गाठोडं वेतवाल्यानं उचललं. हलकंच होतं. बस सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा राहिला.

लोक गल्लीच्या राखणीला बसायचे थांबले नाहीत. पुढं ड्रायव्हरच्या घरावर दगड आले तेव्हा नर्सबाई खुर्च्या मांडायच्या आधी आत गेल्या, त्याच्या म्हाताऱ्या आईजवळ बसल्या आणि विचारलं, “मावशी, आम्ही काय करू?” मावशी म्हणाली, “आत येऊन बसा. बाहेर काय करताय?” तेव्हापासून तीच रीत पडली. डांबरवाले पुन्हा त्या गल्लीत फिरकले नाहीत.

रफूवालीच्या खोलीत दुसरं कुटुंब आलं. ती बहिणीकडेच राहिली आणि तिसऱ्या वर्षी, थंडी सरता सरता, छातीच्या दुखण्यानं वारली. वेतवाल्याला ते दोन महिन्यांनी कळलं.