टिकल्यांचे पिस्तूल

आठवडाभर सरकारी प्रयोगशाळेत बंदुका तपासणाऱ्या यशोधराला रविवारी त्या शब्दाचाही वीट येई. तरी ती सुट्टीला श्रीरामपूरजवळ बेलापूरच्या घरी आली, की दुपारी धाकट्या भावाच्या टेबलावर नेमका तोच विषय मांडलेला असे. पंकज श्रीरामपूरच्या एका शाळेत गणित शिकवी आणि उरलेल्या वेळात स्वतः रचलेला एक खेळ चालवी. खेळ बैठा होता. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, पंकजने सूत्रधार होऊन गोष्ट पुढे न्यायची, आणि एखाद्या पात्राने धाडस करायचे ठरवले, की ते साधले की फसले हे वीस बाजूंच्या फाश्याने सांगायचे.

पिस्तुलापुरता मात्र या टेबलाचा स्वतःचा रिवाज होता. गोळी झाडायची तर फासा नाही. दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूल उचलायचे, समोरच्यावर रोखायचे आणि चाप ओढायचा. टिकली वाजली तर गोळी लागली, फुसकी निघाली तर पिस्तूल अडकले. खलनायक सगळे पंकजच असल्यामुळे गोळ्याही बहुतेक त्यालाच लागत.

टिकली फुसकी निघणे हे नेमबाजीवर नव्हे, हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून असते, असे यशोधराने एकदा सांगून पाहिले होते.

"म्हणजे पावसाळ्यात खलनायक जास्त जगतात," पंकज म्हणाला होता. "जगू दे की, ताई. त्यांनाही कधीतरी हवा मानवू दे."

तेव्हापासून तिने नाद सोडला.

या रविवारी पंकजने नियमांचे एक पान तिच्यापुढे सरकवले. "पुस्तक छापायला द्यायचंय. फक्त पिस्तुलांचं एवढं बघ."

तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "नऊ एमएमची गोळी लागली की सहा गुण जातात, बत्तीस बोअरची लागली की चार. म्हणजे दहा गुणांच्या माणसाला बत्तीसच्या दोन लागल्या, तर तो काय करतो?"

"उरलेल्या दोन गुणांवर लढतो."

"माझ्याकडे ज्यांचे कागद येतात, ते लढलेले नसतात. काही एका गोळीतच जातात, काही तीन लागूनही चालत दवाखान्यात पोचतात. कुठे लागली त्यावर सगळं. बोअरवर फार कमी."

"मग पान खोटं आहे?"

"खोटं नाही. सोपं आहे." पान अर्धे वाचून झाले होते. तिने ते उलटे ठेवले. "राहू दे."

इतक्यात पंकजचे दोन गडी आले. सायली श्रीरामपूरला औषधाच्या दुकानात होती. ज्ञानेश्वर चुलत्याची, छगननानांची, शेती बघे आणि नावामुळे सगळ्यांचा 'माउली' झाला होता. आल्या आल्या त्याने पिशवीतून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढून फाश्यांशेजारी ठेवली.

"हे बघा खरं. बत्तीस बोअर. पंक्या, तुझ्या पुस्तकात वजन लिही आता."

"अगं बाई, केवढं जड!" सायलीने ते उचललेही.

"कुणाचं आहे?" यशोधराने विचारले.

"छगननानांचं. लायसन आहे, ताई."

"लायसन नानांना आहे. तू उचलून आणलंस हा गुन्हा आहे."

"घाबरू नका हो. गोळ्यांची मॅगझीन काढून घरी ठेवलीय. नुसता सांगाडा आहे हा."

सायलीचे लक्ष या बोलण्याकडे नव्हते. पिस्तूल हाती आले की या टेबलावर जे करतात, तेच तिचा हात करू लागला. नळी पंकजच्या छातीकडे वळली. पंकजनेही खलनायकाला शोभेसे हात पसरले. "मार! तुझ्या टिकल्या सादळल्यात!"

यशोधरा ओरडली नाही. दचकलेला माणूस मूठ आवळतो, आणि मुठीबरोबर चापावरचे बोटही आवळले जाते, हे तिने पुष्कळ अहवालांत लिहिले होते.

"सायली, बोट बाहेर काढ," ती चहा मागावा तशी म्हणाली, आणि बाजूने पंजा घालून नळी पंकजवरून दूर लोटली.

बोट निघाले. तिने पिस्तूल आपल्याकडे घेतले, कोपऱ्यातल्या बाजरीच्या पोत्यांकडे तोंड करून नळीवरची सरकती स्लाइड मागे ओढली. नळीच्या मुळाशी असलेल्या चेंबरमधून एक जिवंत काडतूस उडाले, टेबलावर पडले आणि घरंगळत फाश्यांत जाऊन थांबले.

"पण मॅगझीन काढली होती," ज्ञानेश्वर पुटपुटला.

"मॅगझीन काढली की पुढची गोळी येत नाही. चेंबरमधली आधीच आलेली असते." ती खुर्चीत बसली. "काही बनावटींत मॅगझीन नसली की चाप चालत नाही. ही त्यांतली नाही. नानांना फोन लाव."

छगननाना जीप घेऊन आले. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, "आत एक असतीच. उसात बिबट्या हाय, बाई. म्या मॅगझीन घालूस्तर त्यो थांबंल व्हय?"

"बिबट्यापेक्षा पुतण्या जवळ होता, नाना. कपाटाला कुलूप नव्हतं?"

"हुतं की." नानांनी मान खाली घातली. "किल्ली खुंटीला हुती."

रिकामे पिस्तूल आणि ते काडतूस घेऊन काका-पुतणे गेले. पंकजने उलटे ठेवलेले पान सुलटे केले. न वाचलेल्या अर्ध्यात त्याचाच नियम होता: मॅगझीन काढली की शस्त्र निकामी. त्याने पेन उघडले. "इथं काय लिहू, ताई?"

"हवं ते लिही. सायलीने ते पान वाचून नेम धरला नाही. हाताला सवय होती." तिने टिकल्यांचे पिस्तूल स्वतःकडे ओढले. "हे माझ्याकडे दे."

"आमच्या खेळात तेवढंच तर आमचं स्वतःचं आहे."

"माहीत आहे."

त्याने टिकल्यांची उरलेली डबीही तिच्यापुढे सरकवली. "ने."

उद्याचा सोमवार आजच सुरू झाला, असे यशोधराला वाटले. सायली रडवेली झाली होती. खलनायकावर गोळी झाडायची तिची चाल अजून बाकी होती. यशोधराने फासा तिच्यापुढे सरकवला. "टाक."

सतरा पडले.

"लागली," पंकज म्हणाला, आणि त्याने खलनायकाच्या दहा गुणांतून चार वजा केले.

"कुठे?" यशोधराने विचारले.

पंकजचा हात आपोआप शर्टाच्या छातीवरच्या खिशाकडे गेला. मग त्याने उरलेले सहा गुणही खोडले.