डावरा खुनी

आमच्या थोरल्याला एक वाईट खोड आहे. दुसऱ्याचं भलं करायचं, तेही त्याला न विचारता. लहानपणी माझ्या चपला स्वच्छ करतो म्हणून उकळत्या पाण्यात घातल्या होत्या. आता सिनेमे स्वच्छ करतो. जुन्या पिक्चरवरचे ओरखडे काढायचे, रंग उजळायचे, असलं कॉम्प्युटरवरचं काम. त्यात ह्यांचा पिक्चर त्याच्या हाती लागला.

‘सुट्टी संपली’ नावाचा खुनाखुनीचा पिक्चर. माणसं सुट्टीला हॉटेलात येतात आणि उशीच्या अभ्र्याचा मुखवटा घातलेला एकजण ‘सुट्टी संपली!’ म्हणत एकेकाला कुऱ्हाडीने उडवतो. अगदी टाकाऊ. मेलेली बाई डोळे मिचकावते, रक्त म्हणजे नुसतं सरबत. आमचे हे तिथे सेट उभारणारे सुतार. नट शिडीला घाबरला, म्हणून शिडीवरच्या शॉटला मुखवटा ह्यांनी चढवला. अभ्रा माझ्याच घरचा. डोळ्यांची भोकं मीच कापलेली, एक मोठं, एक बारीक. पण हे डावरे! पिक्चरभर खुनी उजव्या हाताने मारतो आणि शिडीवर चढला की कुऱ्हाड डाव्या हातात.

दर सुट्टीत आम्ही तो लावायचो. शिडी आली की घर हसून लोळायचं, सगळ्यात मोठ्याने हे. शाळा उघडायच्या दिवशी पोरांची पांघरुणं ओढत ओरडायचे, “सुट्टी संपली!” ते गेल्यावर त्यांचं हलतंचालतं रूप म्हणून तेवढंच उरलं. चेहरा झाकलेला, पण हात त्यांचा.

परवा थोरल्याने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. “आई, बघ. चूक काढली.”

शिडी आली. कुऱ्हाड उजव्या हातात. बारीक भोकसुद्धा भलत्या डोळ्यावर.

“हा कोण?”

“बाबाच गं. शॉट आरशात दिसतो तसा उलटा केला.”

“कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही. पण थिएटरात लोक त्यांच्यावर खिदळतात. मागे मी अर्ध्यातून उठून आलो. नाही ऐकवत.”

त्याचे डोळे भरले होते.

“मग जुना कुठाय?”

“जुनी रिळं सडलीत. माझ्याकडे एक प्रत आहे. पण आज हा पाठवला की यापुढे सगळीकडे हाच लागणार.”

म्हणजे माझ्या नातवंडांना आजोबा म्हणून हा परका माणूस दिसणार. मी उठले.

“लोक हसले तर ह्यांचं काय झिजतं रे? ते स्वतः हसताना खुर्चीवरून पडलेत. त्या खुन्याला एवढी कुऱ्हाड घेऊन पिक्चरभर एक खून धड जमला नाही, आणि तू खुर्चीत बसल्या बसल्या बापाचा डावा हात तोडलास, मेल्या. जोड आधी. मग जेवायला ये.”